चांगल्या पाण्यातले मासे

एका गावात नळाला पाणी सोडणारे एक तात्या राहत होते. त्यांचं खरं नाव केरबा, पण ते आता कुणाच्या ध्यानात नव्हतं. सगळं गाव त्यांना पाणीवाले तात्या म्हणायचं. तीस वर्षं रोज पहाटे ते उंच टाकीवर चढले, मापानं ब्लिचिंग पावडर टाकली आणि मगच पाणी सोडलं. आजूबाजूच्या गावांत गॅस्ट्रोची साथ यायची, माणसं दगावायची. या गावात तसं एकदाही झालं नाही. हे श्रेय तात्यांचंच होतं. दुसऱ्या कुणी तसं म्हणायच्या आत तात्या स्वतःच ते सांगून टाकायचे.

निवृत्त झाल्यावर टाकी सुटली, पाण्याचा अभिमान काही सुटला नाही. लग्नाच्या पंगतीत बसले की तात्या आधी पाण्याचा पेला नाकाशी न्यायचे. पावडरचा वास आला की मान डोलवायचे. "वास आहे, म्हणजे काम चोख आहे," असं शेजारच्याला ऐकवायचे आणि मगच जिलबीकडे वळायचे.

त्यांच्या बायकोचं नाव शेवंता. गेल्या वर्षी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. जन्मभर बोललेल्या शब्दांपैकी एकच शब्द तिच्या तोंडात उरला, 'नको'. चहा नको असला तरी नको, आणि हवा असला तरी नकोच. लेक उज्ज्वला आईचं करायला माहेरी येऊन राहिली होती. आईच्या डोळ्यांत बघून ती बरोबर ओळखायची, कुठलं नको खरं आणि कुठलं नुसतं तोंडातलं. तात्यांना काही ते जमलं नाही. खरं सांगायचं तर त्यांनी त्या शब्दाकडे लक्ष देणंच सोडून दिलं होतं.

शेवंता दिवसभर भिंतीकडे बघत पडून असायची. उज्ज्वलाला ते बघवेना. तिनं एक काचेची पेटी आणली, खाटेशेजारी ठेवली आणि तीत चार सोनेरी मासे सोडले. आठवड्याभरात शेवंताची नजर माशांमागे फिरायला लागली. महिन्याभरात मान वळायला लागली. एके दिवशी तर ती चक्क हसली. डॉक्टर म्हणाले, "मासे असेच राहू द्या. मान वळली, आता हातही हलेल." एवढेसे ते मासे, पण सगळ्या घराची आशा त्यांच्यावर होती.

पुढे उज्ज्वलाला नणंदेच्या लग्नासाठी आठ दिवस सासरी जावं लागलं. जाताना ती आईच्या खाटेशी उभी राहून वडिलांना म्हणाली, "तात्या, माशांच्या पाण्यात टाकायच्या औषधाची बाटली संपलीय. शमाबीकडून तसलीच आणा. तोवर या झाकलेल्या बादलीतलं पाणी वापरा, त्यात थेंब टाकून ठेवलेत. पाणी बदलायचं ते चौथा हिस्साच. सगळं नाही हं."

"तीस वर्षं गावाला पाजलं. चार माशांना पाजता येणार नाही होय?" तात्या म्हणाले.

शमाबीचं दुकान बाजारात होतं. ती पोपटांचे पिंजरे, पक्ष्यांचा दाणा आणि मासे विकायची. तात्यांनी औषध मागताच तिनं विचारलं, "पाणी कुठलं, तात्या? नळाचं की बोअरचं?"

"नळाचं. आपल्या टाकीचं."

शमाबीनं एक साधीशी बाटली पुढे ठेवली. "मग ही घ्या. अँटीक्लोरीन म्हणतात हिला. नळाच्या पाण्यातल्या पावडरनं माशांचे कल्ले भाजतात. हे थेंब त्या पावडरीचा जोर काढून टाकतात."

तात्यांचं तोंड लाल झालं. "म्हणजे मी तीस वर्षं लोकांना विष पाजलं म्हण की!"

"माणसाला काही होत नाही हो," शमाबी हसत म्हणाली. "पण मासा त्यातच श्वास घेतो ना!"

ती हसली, तेच तात्यांना लागलं. त्यांची नजर फळीवरच्या निळ्या बाटलीवर गेली. तिच्यावर लखलखत्या पाण्याचं चित्र होतं. "ती कसली?"

"ती नुसतं पाणी नितळ करते. गाळ खाली बसवते. ती बघणाऱ्यासाठी आहे, तात्या. ही माशांसाठी."

"आमच्या पाण्याला औषध लागत नाही," तात्या म्हणाले. त्यांनी निळी बाटली उचलली आणि चालू लागले. शमाबीनं मागून दोनदा हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही.

दोन दिवसांनी शेजारच्या वाडीत गॅस्ट्रोचे रोगी निघाले. टाकीवरच्या नव्या माणसानं खबरदारी म्हणून पावडर दुप्पट टाकली. सकाळी नळ आला तेव्हा घरभर वास सुटला. तात्यांना फार समाधान वाटलं. आपण शिकवलेला माणूस तयार झाला, असं ते स्वतःशीच म्हणाले. असं चोख पाणी दारात आलेलं असताना माशांनी जुन्या पाण्यात का राहावं?

आपल्याकडे रीतच आहे. नळ आला की शिळं पाणी ओतून द्यायचं आणि ताजं भरायचं. तात्यांनी लेकीची झाकलेली बादली अंगणात ओतली. मासे पातेल्यात काढले. पेटी पार रिकामी केली, घासली, काठोकाठ ताजं पाणी भरलं आणि वर निळ्या बाटलीतली दोन झाकणं टाकली. पाणी असं लखलखलं की तात्यांना उज्ज्वलाची कीव आली. पोरीला इतके दिवस हे जमलं नव्हतं.

ते मासे पेटीत सोडायला वाकले, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"नको."

"अगं, बघ तरी कसं आरशासारखं झालंय."

"नको! नको! नको!"

शेवंतानं मान उचलली. धड असलेल्या डाव्या हातानं ती खाटेवर थापा मारू लागली. तात्यांना वाटलं, तहान लागली असेल. त्यांनी चारही मासे पेटीत सोडले, त्याच नळाच्या पाण्याचा पेला भरला आणि तिच्या ओठांना लावला. पाणी तिच्या हनुवटीवरून उशीवर ओघळलं. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. तिचे डोळे पेटीवर होते.

मासे पेटीभर सैरावैरा धावत होते. "बघ, कसे नाचतायत!" तात्या कौतुकानं म्हणाले. थोड्या वेळानं मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासू लागले. तात्यांना वाटलं भूक लागली, म्हणून त्यांनी दाणे टाकले. एकाही माशानं दाण्याला तोंड लावलं नाही. दुपारी एक मासा आडवा झाला.

तेव्हा कुठे तात्यांना काहीतरी चुकल्याचं कळलं. ते तसेच अनवाणी बाजारात धावले. शमाबीनं त्यांचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता साधी बाटली उचलली. दुकान तसंच टाकून ती त्यांच्याबरोबर आली. तिनं पेटीत थेंब टाकले, हातानं पाणी ढवळलं आणि माशांना हवा मिळावी म्हणून ती पेल्यानं वरून पाणी सोडत राहिली. पण तोवर दोन मासे गेले होते. तिसरा तिच्या डोळ्यांदेखत गेला. चौथ्यानं दिवेलागणीपर्यंत धीर धरला, मग तोही उलटा झाला.

"उशीर झाला, तात्या," शमाबी पदरानं डोळे पुसत म्हणाली.

हे सगळं शेवंता बघत होती. खाट दुसऱ्या बाजूला फिरवावी, हे दोघांनाही सुचलं नाही. शेवटचा मासा गेला तेव्हा तिनं हळूहळू मान वळवली. माशांनी दिलेली ती मान तिनं आपणहून भिंतीकडे वळवली. त्या दिवशी तात्या खाटेच्या पायाशी बसून लहान मुलासारखे रडले. "चुकलो गं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. शेवंता तशीच पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी तात्या पुन्हा दुकानात गेले. शमाबीनं एकेक गोष्ट नीट समजावली, आणि या वेळी त्यांनी खाली मान घालून ऐकली. किती पाण्याला किती थेंब, आधी काय, मग काय. बादलीत थेंब टाकून पाणी तयार केलं. तसलेच चार सोनेरी मासे आणून सोडले. मासे मजेत पोहू लागले. तात्या खाटेच्या दुसऱ्या बाजूला गेले, शेवंताची मान अलगद धरून पेटीकडे फिरवली. हात काढल्याबरोबर ती पुन्हा भिंतीकडे वळली.

ठरलेले आठ दिवस संपले आणि उज्ज्वला आली. पेटीत चार मासे फिरत होते आणि आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनं जवळ जाऊन आईच्या डोळ्यांत पाहिलं, मग पेटीकडे नीट पाहिलं. हे मासे ते नव्हेत, हे तिला कळलं. तात्यांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं.

ती आईच्या उशाशी बसली. मग तिनं विचारलं, "आई काहीच बोलली नाही?"

"बोलली."

"काय?"

"नको म्हणाली. किती वेळा तरी."

"मग, तात्या?"

ज्या तोंडानं तात्यांनी गावभर आपल्या पाण्याचं गुणगान केलं होतं, त्याच तोंडानं ते म्हणाले, "मी ऐकलंच नाही." शेवंताचा लुळा हात पुढे कधीच हलला नाही.

तात्पर्य: आपलं चांगलं कितीही खरं असलं, तरी ते प्रत्येकाला मानवतंच असं नाही, ज्याचं भलं करायचं त्याला काय सोसतं ते आधी विचारावं, आणि कुणी 'नको' म्हटलं तर आपला हात तिथंच थांबवावा.