कासाराचे उपरणे

ही गोष्ट फार जुनी आहे. नद्यांवर पूल नव्हते आणि राजांची नावे कोणी लिहून ठेवत नव्हते, तेव्हाची. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर ऐकावीच.

एका राज्यात दरवर्षी सुगी संपली की ठोशांची लढत होत असे. मैदानात मातीचा गोल आखत. दोन गावांचे दोन गडी त्यात उतरत आणि नुसत्या मुठींनी लढत. आपण होऊन थांबलेल्या गड्याला पुन्हा गावात पाऊल ठेवता येत नसे.

पण लढत थांबवण्याची एक रीत होती. प्रत्येक प्रेक्षक खांद्यावर पांढरे उपरणे घेऊन येई. कोणीही एकाने ते गोलात टाकले की लढत तिथेच संपे. हा नियम एका जुन्या राजाने केला होता. तो म्हणाला होता, "लढणाऱ्याला भान राहत नाही, पाहणाऱ्याला राहते. म्हणून थांबवण्याचा हक्क पाहणाऱ्याचा." फक्त लढणाऱ्याच्या घरच्यांना उपरणे टाकायला बंदी होती. त्यांचा जीव पहिल्याच ठोशाला तुटतो, असे राजाचे म्हणणे.

राजा मनाने चांगला होता. पण तो कधी गर्दीत बसला नव्हता.

पुढे पुढे उपरणी पडेनाशी झाली. कोणी टाकलेच, तर लोक वर्षभर त्याची टर उडवत. "आले बघा खेळमोडे! बसा, बसा, मागे बसा!" मग माणसे उपरणे खांद्यावर नुसती मिरवू लागली.

त्या राज्यात एक कासार होता. बायकांच्या हातात बांगड्या भरणे हे त्याचे काम. हात इतका हलका, की बांगडी कधी चढली ते कळतही नसे. त्याच्या हातून कधी बांगडी फुटली नव्हती, की कुणाच्या मनगटाला ओरखडा आला नव्हता. दिवसभर तो ऐके, "हळू हो मामा, दुखतंय मामा." आणि तो हळू करी. वर्षातून एकदा मात्र तो मैदानात जाऊन बसे, पहिल्या रांगेत. तिथे कोणी त्याला हळू म्हणत नसे. ठोसा बसला की त्याची स्वतःची मूठ वळे, आणि त्याला वाटे, हा आपणच मारला.

लढतीच्या दिवशी सकाळी एका पाथरवटाची बायको त्याच्याकडे आली. तिच्या गावाने यंदाही तिच्या नवऱ्यालाच निवडले होते. तिने हात पुढे केला.

"हिरव्या भरा मामा. घट्ट बसतील अशा."

कासाराने तिचा पंजा दाबला, वळवला आणि एक एक बांगडी सरकवली. ती खाली मान घालून म्हणाली, "गेल्या वर्षीच्या मारानं त्यांचा डावा कान गेला. आता कधीकधी अंगणात उभे राहून विचारतात, 'आपलं दार कुठं गं?' वैद्यबुवा म्हणाले, डोक्यावर आणखी मार नको. नाही म्हणावं, तर गाव वाळीत टाकेल."

"अरे देवा."

"मला उपरणं टाकता येत नाही. तुम्ही टाकाल? एकदा पडले तर राहू दे. माणूस पडतो. पण दुसऱ्यांदा गुडघा मातीला लागला, की टाका. लोक हसतील तुम्हाला."

कासाराचे डोळे भरून आले. "हसू देत. पोरी, तू मला मामा म्हणतेस ना? मग झालं तर."

तो खरेच बोलत होता, हे लक्षात ठेवा.

दुपारी हलगी वाजली. मैदान फुलून गेले. कासाराच्या मागे बसलेला तेली ओरडला, "मामा, ते मुंडासं उतरवा! एवढ्या लांबून काय तुमचं डोकं बघायला आलो?" सगळे हसले. कासारही हसला. त्याने मुंडासे मांडीवर घेतले आणि उपरणे हातात धरले.

पाथरवटासमोर एक नावाडी उतरला. वल्हे मारून मारून त्याचे दंड दोरखंडासारखे झाले होते. पहिले ठोसे छातीवर बसले, मग खांद्यावर, मग कानावर. पाथरवट एका गुडघ्यावर आला. कासाराने उपरणे घट्ट धरले. हे एकदा झाले, तो मनात म्हणाला.

पाथरवट उठला, आणि उठता उठता त्याने असा ठोसा हाणला, की नावाड्याचे ओठ फुटले. अख्खे मैदान उभे राहिले. कासारही उभा राहिला. त्याच्या कानांत गर्दीचा आवाज भरला, तोंड कोरडे पडले, अंगावर काटा आला. वर्षभर ज्याची वाट पाहिली, ते हेच होते.

मग नावाड्याचा ठोसा आला. पाथरवटाचा गुडघा दुसऱ्यांदा मातीला लागला.

"आता बघा, पुन्हा उठतोय की नाही!" तेली म्हणाला.

कासाराला वचन आठवत होते. पण त्याला वाटले, उठतोच आहे तो. आणखी एकच ठोसा, मग टाकू. उपरणे केव्हा त्याने मुठीभोवती गुंडाळले, ते त्यालाही कळले नाही.

पाथरवट उठला, पण चुकीच्या दिशेला तोंड करून उभा राहिला. हात पुढे करून तो काहीतरी चाचपू लागला, दार शोधल्यासारखा. लोक खदखदून हसले. आणि त्या हसण्यात कासाराचा आवाज सर्वांत वर गेला.

"अरे मार की! हातात बांगड्या भरल्यात का?"

नावाड्याने ठोसा मारला. पाथरवट पडला, तो उठला नाही.

वैद्य धावत आत गेला. त्याने नाकाशी बोट धरले आणि मान हलवली. तेव्हा कासाराने समोर पाहिले. गोलाच्या पलीकडे पाथरवटाची बायको उभी होती. ती नवऱ्याकडे बघत नव्हती, तिची नजर कासारावर होती. पहिल्या ठोशापासून ती त्याच्याकडेच बघत होती.

नावाडी प्रेताशेजारी बसून रडू लागला. "मी दर ठोशाला तुमच्याकडं बघत होतो रे! एकानं तरी टाकायचं होतं!"

मग कोणीतरी उपरणे टाकले. पाठोपाठ दुसऱ्याने टाकले. शेकडो उपरणी पडली, आणि पाथरवट त्या ढिगाखाली दिसेनासा झाला. कासाराला आपले टाकता आले नाही. मुठीभोवती त्याला गाठ बसली होती.

दहा दिवसांनी ती कासाराच्या दारात आली. नवरा गेला की बाईने हात रिकामे करायचे, अशी त्या काळची निष्ठुर रीत होती. लढतीच्या सकाळी केला होता, तसाच तिने हात पुढे केला.

"तुम्हीच भरल्यात मामा. तुम्हीच काढा."

कासाराने बांगड्या सरकवून पाहिल्या. त्यानेच घट्ट भरल्या होत्या, त्या निघेनात. शेवटी त्याने दगड घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातून बांगडी फुटली, आणि तिच्या मनगटातून रक्त आले. ती "हळू" म्हणाली नाही.

त्यानंतर त्याच्या हातून रोज बांगड्या फुटू लागल्या. बायका दुसऱ्या कासाराकडे जाऊ लागल्या.

पुढच्या वर्षी हलगी वाजली आणि मैदान पुन्हा भरले. "गेल्या खेपेला काय लढत झाली होती!" माणसे एकमेकांना सांगत होती. दोन नवे गडी उतरले. एक पडला, उठला, पुन्हा पडला. तोच पहिल्या रांगेतून एक उपरणे गोलात येऊन पडले.

लोक चवताळले. तेली ओरडला, "कोण रे तो? हातात बांगड्या भरल्यात का?"

कासार उठून मागे वळला.

"मी एकीला भरल्या होत्या," तो म्हणाला. "इथं बसूनच फोडल्या."

गोलातल्या दोघांनी मुठी उघडल्या.

बोध : ज्याला थांबवता येते आणि जो नुसता पाहत बसतो, त्याचाही हात त्या मारात असतो.