विझलेला ठिपका

“यातला खरा कोणता, सर?”

शार्दूलने दोन पडदे शेजारी शेजारी लावले होते. दोन्हींवर काळोखात हिरवे ठिपके लुकलुकत होते. एकावर सूक्ष्मदर्शकातून टिपलेले चमकत्या रंगाचे खरे रेणू, दुसऱ्यावर त्याने संगणकावर हुबेहूब बेतलेले.

निवृत्त उपासनी सर बराच वेळ पाहत राहिले.

“डावीकडचा.”

“तो माझा!” शार्दूलला हसू आवरेना. पोरगं हुशार होतं, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

“फसलो की रे,” सरही हसले.

“मग सर... अंधारखोली मोडू ना? तिथे संगणक बसवायचेत. तुम्ही हो म्हणालात तरच, असं विभागप्रमुख मॅडमनी सांगितलंय.”

ती खोली सरांनीच उभारली होती, खिडक्यांना स्वतः काळे कागद चिकटवून.

“चल, एकदा बसू.”

मोबाइल आणि घड्याळ दाराबाहेर ठेवायचं, ही तिथली जुनी रीत. शार्दूलने ती कंटाळतच पाळली. आत डोळे अंधाराला सरावेपर्यंत नुसतं बसून राहायचं.

“आम्ही इथे गाणी म्हणायचो,” अंधारातून सर बोलले. “आमच्या गटातली दमयंती बेसूर गायची, पण जोरात. आता कोण कुठे... फार आठवण येते रे.”

सरांनी चाचपडत काच सरकवली, सूक्ष्मदर्शकाचा दिवा लावला. “बघ.”

शार्दूलने डोळा लावला. एकच ठिपका, अगदी फिका. लागला, विझला, पुन्हा लागला.

मग विझला तो विझलाच.

शार्दूल हलेना.

“काय करतोस?”

“पुन्हा लागतोय का बघतोय.”

“नाही लागायचा. होता तेवढा उजेड दिला त्याने.”

तरी तो डोळा लावूनच बसला.

“तुझ्या पडद्यावरचा विझला, की किती वेळ थांबतोस?”

“थांबत नाही, सर. पुन्हा चालवतो.”

...

बाहेर आल्यावर त्याने मोबाइल उचललाच नाही. दाराच्या कडीवर हात ठेवून उभा राहिला.

“सर, खोली नको मोडायला.”

सरांनी घड्याळ मनगटावर चढवलं.

“आता मोडलीस तरी चालेल.”