मॉरिस, फियाट आणि उस्तादांची सुपारी

"पण उस्ताद, दोघींत उजवी कुठली? एवढं तरी सांगा की."

मुनीर उस्ताद बॉनेटवरची चिंचेची पानं झाडत राहिले. वाघबिळाला त्यांच्या घरापुढं, चिंचेखाली दोन्ही गाड्या उभ्या होत्या. करडी मॉरिस आणि बसक्या नाकाची डुक्कर फियाट. या वयात दोघींचं करणं होत नाही म्हणून ते सत्यजितला म्हणाले होते, एक तुझी, एक माझी. तूच निवड.

सत्यजित चौगुले त्यांचा लाडका चेला. हात चलाख, तोंड त्याहून चलाख. कित्येक वर्षं अशा गाडीसाठी जीव टाकत होता, आणि आता चुकीची पदरात पडेल म्हणून त्याची झोप उडाली होती.

"मॉरिस वळणाला चिकटून जाते," तो म्हणाला, "पण चढाला दम टाकते. फियाटचा पिकअप लई भारी, पण वळणावर कलते. मग घ्यायची कुठली?"

"घोडामैदान जवळच आहे," उस्ताद म्हणाले. "चल, पन्हाळ्याला जाऊन येऊ."

ते मागच्या सीटवर बसले आणि अडकित्ता काढून सुपारी कातरू लागले. गाडी शिकवायची त्यांची रीतच ती. चेल्यानं गाडी चालवायची, उस्तादांनी मागं सुपारी कातरायची. बोलायचं काही नाही.

मॉरिस घाट चढून गेली, उतरून आली. निम्मी सुपारी सीटखाली सांडली होती.

मग फियाट गेली, आली. उस्तादांच्या अंगठ्यातून रक्त येत होतं.

"बघा, म्हटलं नव्हतं?" सत्यजित म्हणाला. "कलते."

उस्तादांनी अंगठ्याला रुमाल गुंडाळला. अडकित्ता त्याच्या हातात दिला.

"आता तू मागं बस. कातर."

उस्तादांच्या हाती तीच फियाट पुन्हा निघाली. सत्यजित आधी बोट सांभाळत भीत भीत कातरत होता. मग भीती कधी गेली ते त्यालाही कळलं नाही. सुपारी पातळ, एकसारखी पडत राहिली. शेवटचं खांड संपवून त्यानं मान वर केली, तर समोर पन्हाळ्याचा नाका.

"उस्ताद... ते मोठं वळण?"

"कुठलं?"

सत्यजितनं मागं वळून घाटाकडं पाहिलं... मग त्याचं त्यालाच हसू आलं. उस्तादांनी मागं हात करून त्याच्या तळव्यावरची चिमूटभर सुपारी उचलली आणि मजेत चघळत गाडी खाली आणली.

चिंचेखाली त्यांनी दोन्ही किल्ल्या पुढं केल्या.

"उचल."

सत्यजितचा हात पुढं गेला. थांबला... मागं आला.

"आज राहू दे, उस्ताद. दोन्ही इथंच असू देत. मी सकाळी येतो. तुम्ही मागं बसा."

उस्तादांनी किल्ल्या खिशात टाकल्या.

"येताना सुपारी आण," ते म्हणाले. "कडक बघून आण."