तीनपेडी कमान

तुमच्या आज्याच्या आज्याला मिसरूड फुटत होतं, तेव्हाची ही गोष्ट. ज्याला खोटी वाटेल त्याने खुशाल उठून जावं, पण मधे तोंड घालायचं नाही.

तेव्हा वेळूघळ गावात जैतुनबी शिकलगारीण राहायची. नवरा गेला आणि त्याचं धार लावायचं चाक तिने हाती घेतलं. विळा म्हणू नका, कोयता म्हणू नका, तिच्या हाताखालून गेला की नवा व्हायचा. लोखंड तिच्याशी बोलायचं, असं म्हणतात. ती मात्र लोखंडाशी नक्की बोलायची. एखादी वस्तू पार झिजली की ती हातात घेऊन म्हणायची, "दमलीस गं बाई, बस आता." मग कोनाड्यातल्या पितळी हंड्यात तिला अलगद ठेवायची. भंगारात तिने कधी काही टाकलं नाही.

त्या साली ठाण्यावर रणनवरे फौजदार आले. पिळदार मिशा आणि कमरेला पिस्तूल. आमच्या मुलखात पिस्तूल म्हणजे केवढं अप्रूप! पण गोळी सुटली की साहेबांच्या मनगटाला हिसका बसायचा आणि काडतुसाची रिकामी पुंगळी दहा हात लांब उडायची. पिस्तूल दुरुस्तीला जैतुनबीकडे आलं. तिने ते उघडलं आणि आतली कमान, म्हणजे वेटोळ्यांची स्प्रिंग, काढून बोटांनी मोजली. वापरून वापरून ती दोन बोटं आखूड झाली होती.

"गोळी सुटली की वरचं लोखंड मागं येतंय, साहेब. त्याला थोपवायचं न् परत पुढं ढकलायचं, हे हिचं काम. ही दमलीय, म्हणून मार तुमच्या हाताला बसतोय."

"मग कडक घाल. सगळ्यात कडक!"

"काडतुसाच्या जोराला पुरेल तेवढीच घालायची. जास्त नको."

तिने बेताची कमान घालून दिली. फौजदारांना ते कुठलं पटायला! त्यांनी शहरातून चांगली जाडजूड कमान मागवली आणि गुपचूप स्वतःच्या हातांनी बसवली.

मग आश्विनात पिसाळलेला लांडगा आला. माणसांनी पोरंबाळं घरात कोंडली, गुरांना चारा घालायलाही कुणी बाहेर पडेना. अष्टमीला तो धनगरांच्या वाड्यात शिरला. फौजदारांनी पहिली गोळी झाडली, ती चुकली, आणि दुसरी सुटेचना. पुंगळी आतच अडकून बसली होती. लांडग्याने बिरू धनगराच्या अंगावरचं घोंगडं टराटरा फाडलं. बिरू थोडक्यात वाचला.

फौजदार चावडीवर सगळ्यांसमोर गरजले, "या शिकलगारणीनं माझं पिस्तूल बिघडवलं. जैतुनबी, चाक उचल आणि उद्या गाव सोड!"

गाव सुटलं तर जैतुनबीने जगायचं कशावर, आणि या वयात जायचं कुठे? पण तिचा आवाज जराही हलला नाही. "जाते. आधी इथंच उघडू द्या, समद्यांदेखत."

तिने पिस्तूल उघडलं. आतून निघाली ती चकचकीत जाड कमान, जी तिने कधी पाहिलीच नव्हती. फौजदारांचा चेहरा पांढराफटक पडला. तिने एक शब्द काढला असता तर साहेबांची अब्रू तिथेच गेली असती. पण ती एवढंच म्हणाली, "ही काडतुसाला झेपत नाही. लोखंड अर्ध्यावरनंच परत फिरतंय, म्हणून पुंगळी आत अडकतीय. दुसरी करते. लांडगा मोकळा हाय, भांडण मागनं करू."

नवऱ्याने मिरजेहून आणलेली वाद्यांची पोलादी तार तिच्या पेटीत होती. तीन तारा घेऊन तिने पोरीची वेणी घालावी तसा पेड घातला, तो सळईवर गुंडाळला आणि मंद आचेवर निळी झाक येईपर्यंत धरला. "एकटी तार एकटीच मार खाते," ती म्हणाली. "तिघी वाटून घेतील."

नवमीला सकाळी ती फौजदारांबरोबर निघाली. "तू कशाला?" त्यांनी विचारलं. "कमान माझी हाय. दगा दिला तर लांडग्यानं आधी मला धरावं," असं म्हणून ती त्यांच्या शेजारी उभी राहिली.

ज्वारीतून लांडगा सुसाट आला. सात गोळ्या एका दमात सुटल्या, असं म्हणतात. सहा चुकल्या. आता साहेबांचा नेम काय वर्णावा! पण कमान एकदाही अडली नाही, आणि सातवीला लांडगा जैतुनबीच्या पायाशी कोसळला. सातही पुंगळ्या तिच्या पदरात पडल्या, असं म्हणतात.

फौजदारांनी डोक्यावरचा फेटा काढला आणि सगळ्या गावासमोर सांगितलं, "ती जाड कमान मी घातली होती."

"ठाऊक होतं मला," जैतुनबी म्हणाली आणि चाकावर जाऊन बसली.

पुढे खूप वर्षं ते चाक फिरलं. ते थांबलं त्या दिवशी म्हातारे फौजदार काठी टेकत घाट चढून आले. तिचा हात हातात घेऊन त्यांनी म्हटलं, "दमलीस गं बाई, बस आता." आणि ते लहान पोरासारखे रडले.

आजही खंडेनवमीला वेळूघळात हत्यारांना आधी हळदकुंकू लावत नाहीत. आधी उघडतात. शिवणयंत्र, पाण्याचा पंप, मोटारसायकल, ठाण्यातलं पिस्तूलसुद्धा. जे दमलं असेल ते जैतुनबीच्या हंड्यात ठेवतात. मग घरोघरी म्हाताऱ्या बाईच्या हातातलं काम काढून घेतात, तिला पाटावर बसवतात आणि तेच म्हणतात, "दमलीस गं बाई, बस आता."

म्हातारी भांडते. मला काय धाड भरलीय, म्हणते. पण त्या दिवशी बसते.