काळ्या दोराचा गोफ

एका राज्यात चैत्राची पालवी फुटली की राजांगणात गोफ विणला जाई. चंदनाच्या खांबाला रंगीत दोर बांधत; तरुण मुलेमुली एकेक दोर धरून नाचत, एकमेकांना वेढे घेत वीण घालीत आणि उलट्या पावलांनी ती सोडवीत. गोफ सुटला की रानात मोहोर येई.

एका वर्षी करालक नावाचा मांत्रिक वेष पालटून रिंगणात शिरला. त्याच्या हाती काळा दोर होता. वीण पुरी होताच त्याने दोर टाकला आणि तो हसला. त्या क्षणी नाचणाऱ्यांचे पाय शिळा झाले. त्यांत युवराज पुष्कराक्षही होता.

"सूर्यास्ताला सगळे गळ्यापर्यंत शिळा होतील," मांत्रिक राजाला म्हणाला. "मुकुट दे. सोडवतो."

राजाचा हात मुकुटाकडे गेला. तोच खांबावरची साळुंकी राजाशेजारी उभ्या असलेल्या राजकन्या केतकीला म्हणाली, "मी वरून वीण पाहिली आहे. काळा दोर धर, उलट्या पावलांनी सोडव. जमीन पोळेल, ताल फसवील, माया अडवील. पाऊल चुकले तर कोणीच वाचणार नाही."

केतकीने दोर उचलला.

मांत्रिकाने भस्म फेकले. अंगण निखाऱ्यासारखे तापले. केतकी किंचाळली, पण तिची चाल मोडली नाही.

मग ढोल आपोआप वेडावाकडा वाजू लागला. तिचे पाऊल अधांतरी राहिले. कुठे टेकावे कळेना. तेव्हा कमरेपर्यंत शिळा झालेल्या मंडळींनी गोफाचे गाणे उचलले. त्या सुरावर तिने पाऊल टेकले.

सूर्य डोंगराला लागला. काळ्या दोराचा शेवटचा वेढा उरला.

"थांब," मांत्रिक म्हणाला. "तुझ्या भावाला आत्ता सोडतो. बाकीचे मला दे."

केतकीने भावाकडे पाहिले. शिळा त्याच्या छातीला भिडली होती.

"एकटा सुटून मी कोणाचा राजा होऊ?" पुष्कराक्ष म्हणाला. "ताई, पाऊल टाक."

रडत रडत तिने पाऊल टाकले. काळा दोर सुटला आणि राख झाला, त्याच्यासंगे करालकही. शिळा फुटल्या, माणसे मोकळी झाली.

पण उरलेल्या दोरांना हात लावायला कोणी धजेना. रान तसेच मोहोराविना उभे होते. तेव्हा केतकी पोळलेल्या पायांनी उठली. तिने पिवळा दोर हाती घेतला.

"ढोल वाजवा," ती म्हणाली.

पुष्कराक्षाने तिच्या शेजारचा दोर धरला. मग एकेक जण पुढे आला. गोफ सुटला, आणि वेशीपलीकडून मोहोराचा वास आला.