मोकळी दोरी

बाळांनो, आपली शेजारीण पुरात वाहून गेली, तर तिची वाट किती दिवस बघावी?

फार मागे, नदीकाठच्या एका बाजारात, पिठाच्या दुकानातली दगडी जातेबाई अशीच वाट बघत होती. समोरच्या फुलांच्या दुकानातली परडी रोज सकाळी तिला हाक मारायची, "उठा जातेबाई, जाई उमलली!"

त्या बाजाराची रीत अशी, की पाणी चढलं की ज्यानं त्यानं स्वतःला आपल्याच दुकानाच्या खांबाला बांधायचं. परडीनंही बांधलं होतं. पण खांबच उपटला आणि ती त्याच्यासकट वाहत गेली.

पुढच्या पावसाळ्यात आभाळ काळवंडलं, तेव्हा जातेबाई म्हणाली, "यंदा सगळ्यांनी मला दोऱ्या बांधा. मी जागची हलत नाही."

तराजू हसला. "आपलं दुकान सोडून तुमच्या दारात? लोक म्हणतील, दिवाळं निघालं!"

"माझा खांब चांगला मजबूत आहे," लोहाराचा भाता फुरफुरला.

"परडीचाही होता रे," जातेबाई हळूच म्हणाली.

मग एकेक जण आपली दोरी घेऊन निघाला. आधी सूप आलं, पाठोपाठ भाता आला. "पीठ लागेल हो अंगाला!" असं कुरकुरत शेवटी तराजूही आला.

एक दोरी मात्र जातेबाईनं मोकळी ठेवली.

"ही कुणाची?" सुपानं विचारलं.

"ती आलीच, तर तिला धरायला काहीतरी हवं ना!"

त्या रात्री पूर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी ओसरलं. खांब वाहून गेले होते, तरी बाजार भरला, आणि सुपानं ती मोकळी दोरी धुऊन उन्हात वाळत घातली.