सील बघायला गेलेली सून

फार फार उत्तरेला, जिथे उन्हाळ्यातही अंगावरची शाल सुटत नाही, अशा एका किनाऱ्यावरच्या सासूबाईंकडे डोंगरातली सून आली. तिने समुद्रच कधी पाहिला नव्हता, मग सील कुठून पाहणार! ‘पाण्यात राहणारा, मिशीवाला, गुबगुबीत प्राणी’ एवढं ऐकूनच तिची झोप उडाली होती.

“आई, आज जायचं ना? आत्ता जायचं?” तिने सकाळपासून नुसतं भंडावून सोडलं.

“चल बाई एकदाची!” सासूबाई म्हणाल्या. “पण आपल्या गावची रीत ऐक. पोटावर सरपटत जायचं. सीलने मान वर केली की आपण मान खाली घालायची. उभं अजिबात राहायचं नाही.”

दोघी खडकांतून सरपटत निघाल्या. आणि काय सांगू, समोर सीलच सील! कोणी लोळतंय, कोणी पोट खाजवतंय. एका मादीजवळ तर नुकतंच जन्मलेलं, पांढरंशुभ्र पिल्लू! तेवढ्यात त्या मादीने मान वर केली.

सुनेला कुठलं राहवतंय? “अगंबाई, पिल्लू!” म्हणत ती ताडकन उभी राहिली.

धपाधप, धपाधप! सगळा कळप पाण्यात. खडकावर उरलं एकटं पिल्लू. त्याला अजून पोहता येत नव्हतं आणि भरती चढू लागली होती. ते आईसाठी टाहो फोडू लागलं.

सून रडकुंडीला आली. “मी उचलून आणते त्याला. घरी दूध पाजीन.”

“हात लावू नकोस! तुझा वास लागला तर आई त्याला जवळ घेणार नाही. ती बघ, पाण्यातून आपल्यावरच नजर ठेवून आहे. आपण गेलो तरच ती येईल. पाठ फिरव आणि वाकून चालू लाग. मागे बघायचं नाही.”

पिल्लाला तसंच रडत सोडणं सुनेच्या जिवावर आलं. पाऊल उचलत नव्हतं, तरी तिने पाठ फिरवली आणि ती निघाली.

“आई, आली का हो ती?”

“मला काय विचारतेस? माझीही पाठच आहे तिकडे!”

इतक्यात मागून एक जाडाभरडा हुंकार आला. पिल्लाचं रडणं थांबलं. मग लाडात आलेला बारीकसा आवाज. वळून बघायची सुनेला अशी काही ओढ लागली, की तिने सासूबाईंचा दंड गच्च धरला. पण ती वळली नाही.

“आली गं, आली!” सासूबाई कुजबुजल्या, आणि दोघी तोंडात शालीचे बोळे कोंबून, वाकल्या वाकल्याच नाचू लागल्या.

तात्पर्य: ज्याला डोळे भरून पाहावंसं वाटतं, त्याच्या भल्यासाठी पाठही फिरवता आली पाहिजे.